बारवेच्या फोटोवरचं भांडण

२०१८ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. गावच्या बारवेचा मी काढलेला फोटो लेकीनं 'आमच्या आबांनी काढलेला' असं लिहून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात टाकला होता. तिथल्या एकानं लिहिलं, "हा दुसरीकडंही दिसतो. तुमचाच कशावरून? पुरावा नसेल तर काढावा लागेल."

दुसऱ्यानं त्याला लिहिलं, "थांबा हो, त्या आबांना बोलू तर द्या."

लेक वाचून दाखवत होती. माझं डोकंच फिरलं. पण मग नवल वाटलं. बिनपगारी माणसं, बारव पाहिलेली नाही, तरी परक्याची वस्तू कुणी चोरू नये, नि कुणावर खोटा आळही येऊ नये म्हणून भांडतात, तेही अहोजाहो करून! आमच्याकडं बांधावरून भांडताना सख्खे भाऊसुद्धा असे बोलत नाहीत.

"आबा, सोडा आता."

सोडतोय कुठला! दुसऱ्या दिवशी सकाळी बारवेवर जाऊन नवा फोटो काढला. पायऱ्यांवर माझ्या फेट्याची सावली मुद्दाम पडू दिली.