जाळाच्या काठावरचं ठिगळ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दोंडाईच्याच्या स्टेशनवर होतो. "भाऊ, तुमना दोस्त गया..." एवढंच बोलल्या. गाडी आली, निघून गेली. मी बाकावरच बसून राहिलो.

दोस्त म्हणजे नाना. धुळ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. जन्मभर एकच वेड : तापलेल्या, वाहत्या वायूच्या समीकरणांत प्रकाश कसा बसवायचा. मी मराठीचा मास्तर, मला त्यातलं काय डोंबल कळणार! पण दर हिवाळ्यात साक्रीजवळच्या त्यांच्या शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर आम्ही भरताची वांगी भाजायचो, आणि नानांचा तास तिथंच भरायचा. "धूर वाऱ्यासोबत जातो, ते वायूचं गणित. शेक मात्र वाऱ्याला जुमानत नाही, सरळ तोंडावर येतो." मग माझ्या तोंडापुढं थाळी धरायचे. शेक गायब! "समजनं का तुले? वायूनं प्रकाशाला दिलेली ऊर्जा वायूच्या समीकरणातून वजा, शोषलेली जमा. प्रकाश ढकलतोसुद्धा. इथं ते जाणवत नाही, पण मोठ्या ताऱ्यांत तोच धक्का वरचा भार तोलतो." तोवर वांग्यांचा कोळसा. दरवर्षी! "अहो नाना, वांगी!" म्हणून मी ओरडायचो आणि ते माझ्यावरच चिडायचे.

त्यांचं घोडं अडलं होतं ते काठावर, दाट वायू विरळ होतो तिथं. दाट वायूत प्रकाश धडपडत, झिरपत जातो. विरळ वायूत सरळ सुटतो. झिरपण्याचं सोपं गणित विरळ जागी लावलं की कॉम्प्युटरमधला प्रकाश प्रकाशापेक्षाही जोरात पळायचा. मग हे गणित करणारे सगळेच त्याच्या वेगाला वेसण घालतात, नानांनीही घातली. "चालतं रे, पण ठिगळ शे ते." दर जागी दर दिशेचा प्रकाश मोजणारं खरं गणित होतंच, पण त्यापुढं त्यांचा कॉम्प्युटर मान टाकायचा. खरी आणि झेपणारी वाट त्यांना मरण्याआधी सापडायला हवी होती. जळगावच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाले, "काठ राहिला, गड्या..." मी म्हटलं, "करेल कुणीतरी." त्यांनी नकारार्थी मान हलवली. विद्यार्थी केव्हाच पोटामागं पांगले होते. नाना खरं तेच बोलत होते, आणि माझा दिलासा खोटा होता.

परवा वहिनींनी शेतात बोलावलं. काड्या त्यांनीच पेटवल्या. "भाऊ, आते हाई कोन करी?" करणारं कुणी नव्हतं. मी थाळी तोंडापुढं धरली, शेक थांबला. वहिनींनी वांगी वेळेवर काढली. या खेपेला एकही करपलं नाही.