खाली उतरणारा आकडा

धम्मशीला रामटेके दुकानात खुर्ची घ्यायला गेली, तर बसायच्या आधी खुर्ची उलटी करून चारही पाय हलवून बघायची. दुकानदार हसायचे. हसू देत! नागपूरच्या इंदोऱ्यातली पोर, वडील रेल्वेत फिटर, त्यांनी हातात पाना देऊन वाढवलेली. नागपूरला इंजिनिअर झाली, मँचेस्टरला पुढचं शिकली आणि २००२ साली लंडनजवळच्या स्लाऊच्या एका छोट्या कन्सल्टन्सीत पूल-जिने-छपरांची आकडेमोड करायला लागली. आणि गंमत बघा, आयुष्यात एकदाच तिनं खुर्ची उलटी करून पाहिली नाही, ती नेमकी तिथल्या पहिल्याच कामात.

काम होतं कालव्यावरच्या पायपुलाचं. चाळीस मीटरचा, देखणा. एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पार सडपातळ. वजन पेलतो का, ते कॉम्प्युटरवर तपासलेलं होतं. राहिला प्रश्न डोलण्याचा. प्रत्येक पुलाची डोलायची आपली एक चाल असते, सेकंदाला इतके हेलकावे. माणसांची पावलं त्याच चालीवर पडली की पूल त्यांच्याबरोबर डोलायला लागतो आणि थांबायचं नाव घेत नाही. ती चाल काढायची साधी रीत अशी : पूल कोणत्या आकारात वाकेल त्याचा अंदाज धरायचा आणि त्यावरून आकडा काढायचा. धम्मशीलानं मधोमध फुगलेली साधी कमान धरली. आकडा आला २.९. चालणाऱ्याचं पाऊल सेकंदाला दोनदा पडतं, म्हणजे पुलाची चाल त्यापासून पुष्कळ दूर. फाइल बंद.

दोन वर्षांनी, एप्रिलमधल्या एका गुरुवारी दुपारी, डबा खाता खाता तिनं पेपरात पुलाचा फोटो पाहिला. शनिवारी उद्घाटन. शाळेचा बँड पुढे, मागे तीनशे मुलं, कवायतीच्या पावलानं पूल ओलांडणार. फोटोत पूल एका अंगाला सडपातळ दिसत होता आणि तिनं तर दोन्ही बाजू सारख्या धरल्या होत्या!

डबा तसाच राहिला. आता या रीतीची एक खोड आहे, ती कळली की पुढचं सगळं कळेल. पूल आपणहून डोलतो तो त्याला सगळ्यात सोप्या पडणाऱ्या आकारात. आपण दुसरा आकार धरला, की आपण त्याच्यावर जबरदस्ती करतो, आणि जबरदस्तीनं तो कागदावर खऱ्यापेक्षा ताठ होतो. म्हणून अंदाजाचा आकडा खऱ्यापेक्षा नेहमी वरच राहतो. खाली कधीच जात नाही. अंदाज सुधारा, आकडा उतरतो. पण खरा कुठे आहे ते मात्र तो सांगत नाही.

तिनं कमानीत एक वाकण मिसळलं. २.६३.

आणखी एक. २.४१.

तिची पेन्सिल थांबेना. आणखी एक. २.२९. बँडची चाल मिनिटाला एकशे वीस पावलं, म्हणजे सेकंदाला बरोबर दोन. आणि तीनशे मुलांचं वजन पडलं की पूल आणखी जड, आणखी मंद. शेवटचा आकडा आला २.२४, आणि तो शेवटचा का, तर तिचा कागद संपला म्हणून!

ती तडक ग्रॅहमकडे गेली. ग्रॅहम ऑफिसचा मुख्य, तीस वर्षं याच धंद्यात घालवलेला, चष्मा कपाळावर.

"उद्घाटन थांबवा."

"गुरुवारी दुपारी?" ग्रॅहम म्हणाला. "कौन्सिलला काय सांगू? आमच्या एका इंजिनिअरचा अंदाज बदलला? उद्या परत बदलेल!"

"बदलला तर खालीच येईल."

"मला कागद नको, धम्मशीला. पूल दाखव. मोजायची मशिनं पुढच्या आठवड्याशिवाय मिळत नाहीत. उद्या चारपर्यंत काही दाखवलंस तर फोन करतो. नाहीतर शनिवारी बँड वाजणार."

मशीन नाही. पूल हलवायचा तर नेमक्या चालीवर, एका ठेक्यात, दहाबारा माणसं हवीत. आणि ठेका मिनिटाला दोनचारनी वरखाली करणारा कोणीतरी. हे सुचलं आणि तिनं बबनकाकांना फोन लावला.

बबनकाका गायकवाड स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे आणि जयंतीच्या कार्यक्रमांत ढोलकी. त्यांच्या ठेक्यावर घड्याळ लावून घ्यावं अशी त्यांची ख्याती.

"काका, उद्या दुपारी ढोलकी घेऊन कालव्यावर याल का? मंडळींना घेऊन."

"कोणाचं लग्न आहे, पोरी?"

"पूल तपासायचाय."

"ढोलकीनं?" काका हसले. "बरं. शिफ्ट बदलून घेतो. पण पूल पडला तर ढोलकीचे पैसे ऑफिसकडून घेईन हो!"

शुक्रवारी तीन वाजता काका, त्यांच्या मंडळींतले उदय, रेखा आणि आणखी दहा जण पुलाच्या मधोमध उभे राहिले. पुलावर दुसरं कोणी नाही. दोन्ही टोकांना रस्ता अडवणारी फीत. धम्मशीलाच्या हातात घड्याळ. ग्रॅहम कठड्याला टेकून, हाताची घडी घालून.

"मिनिटाला एकशे चाळीस, काका."

ढोलकी बोलली. बारा जणांनी जागच्या जागी पाय आपटायला सुरुवात केली. पूल मख्ख. ग्रॅहमनं घड्याळाकडे पाहिलं.

"एकशे छत्तीस."

काही नाही.

"मुली, हा लंगडा ठेका आहे," काका पुटपुटले. "यावर कोणी गात नाही."

"वाजवा हो काका! एकशे चौतीस."

हा तिचा २.२४चा आकडा. कालव्याच्या पाण्यात पुलाची सावली किंचित थरथरली. तेवढंच. ग्रॅहम म्हणाला, "वारा आहे." धम्मशीला पाण्यातल्या सावलीकडेच बघत राहिली. कागद खोटा ठरला तर नोकरी जाईल, जाऊ दे; पण खरा असून दिसला नाही तर उद्या इथे तीनशे पोरं.

"आणखी खाली. एकशे एकतीस."

पहिली दहा पावलं काही झालं नाही. मग रेखा ओरडली, "अगं बाई!" पायाखालची जमीन उचलली गेली आणि खाली बसली, पुन्हा उचलली गेली. कठडा करकरला. उदयचा पाय चुकला, तो खाली बसला. ग्रॅहमची हाताची घडी सुटून दोन्ही हात कठड्यावर आले, चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"थांबवा!" तो ओरडला. ढोलकी थांबली. पाय थांबले. पूल नाही थांबला; चांगला पाऊण मिनिट आपल्या चालीनं डोलत राहिला.

"बारा माणसं," ग्रॅहम म्हणाला. "फक्त बारा. तीनशेंच्या वजनानं ही चाल उतरून बँडच्या एकशे वीसवरच येईल." मग तिच्याकडे वळून, "पण तुझा आकडा एकशे चौतीसचा होता. चुकला की."

"चुकणारच. चुकला तर वरच चुकतो."

ग्रॅहमनं तिथूनच कौन्सिलला फोन लावला. पुलावर दोन्हीकडून कुलूप पडलं आणि खालून डोलणं जिरवणारी जड वजनं बसवल्याशिवाय ते उघडायचं नाही असं ठरलं.

ऑफिसात परतल्यावर धम्मशीलानं कौन्सिलसाठी पत्र लिहिलं. त्यात पहिलंच वाक्य : दोन वर्षांपूर्वीची आकडेमोड माझी होती, मी एकाच आकारावर थांबले. खाली सही करून तिनं कागद ग्रॅहमपुढे ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला. ती उभीच होती, बॅग खांद्याला, निघायच्या तयारीनं.

ग्रॅहमनं पेन काढलं. तिच्या सहीच्या खाली एक ओळ लिहिली : ही आकडेमोड मी तपासली होती आणि बरोबर म्हटलं होतं. मग स्वतःची सही केली आणि म्हणाला, "बॅग खाली ठेव. सोमवारपासून ऑफिसातल्या सगळ्या पायपुलांच्या फाइली काढायच्यात."