वरची फट

वसईच्या बाजारातल्या पिल्लंवाल्याने मला फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. आता राहतो त्या इमारतीखाली इस्त्रीवाल्याने कोळसे पेटवले की थंडीतल्या त्या पहाटेचा वास अजून नाकात शिरतो. नोकरी सोडून मी जवळच्या जूचंद्र गावात कोंबड्यांची शेड टाकली होती. पिल्लं घेताना घासाघीस करून त्याच्याकडून कोळशाची शेगडी आणि गोणपाटंही पदरात पाडून घेतली. तो हसत म्हणाला, "शेठ, शेगडी आत ठेवा आणि गोणपाटं वरपर्यंत घट्ट बांधा. फट राहिली तर ऊब पळून जाईल." संध्याकाळी मी बांधत असताना शेजारची म्हातारी ओरडली, "पाखराला थंडी नाय मारीत रे, कोंडल्याली हवा मारते! वर जरा उघडं ठेव." "आजी, तुम्ही तुमच्या कोंबड्या बघा," मी म्हणालो. पहाटे शेडमधून चिवचिव आली नाही. गोणपाट सोडलं, तर आत छान ऊब होती. पिल्लं शेगडीभोवती एकमेकांवर माना टाकून पडली होती, झोपल्यासारखी. उचललेलं प्रत्येक पिल्लू गरम होतं आणि एकही जिवंत नव्हतं. पिल्लंवाला आला आणि जमलेल्या गावासमोर गळ्याला हात लावून म्हणाला, "वर फट ठेवा, असं मी यांना बजावलं होतं." तेव्हापासून जूचंद्रमध्ये मीच पिल्लं मारणारा. आजही कोळशाचा वास आला की मी उठून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडतो. त्याने एकदा त्याच गावासमोर उभं राहावं आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगावं, ती फट बंद करायला कोणी सांगितलं होतं?