खिळ्यावरची नान

मार्गिलानला आमच्या आणि होसियतच्या अंगणात एकच भिंत. ती नवी नवरी होती तेव्हाचं भांडण मी चहा ओतता ओतता ऐकलं होतं.

“मांस मांजरीला आणि रस्सा मला. निकाह नक्की कुणाशी लावलात?”

“ती उलटून बोलत नाही,” तिचा नवरा तुर्गुन म्हणाला.

पुढे तो कामाला रशियात गेला. निघताना आमच्या रीतीप्रमाणे त्याने नानचा एक घास चावला आणि उरलेली खिळ्याला टांगली. परतल्यावर त्यानेच ती संपवायची असते. नान वाळून लाकूड झाली, तो काही आला नाही.

परवा त्याची म्हातारी मांजरी तुतीवरून पडली. जनावरांच्या डॉक्टरांनी फाटलेला पाय शिवला आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळं अडकवून घरी पाठवली. ती काही खाईना. होसियत तिला मांडीवर घेऊन मांसाचे तुकडे भरवायला बघायची.

“आता का गं सवतीचे एवढे लाड?” मी विचारलं.

“ही गेली तर त्यांना काय तोंड दाखवू, आजी?”

तुर्गुन मांजरीला आपल्या हाताने दुधात नान कुस्करून द्यायचा. होसियतने तेही करून पाहिलं. ताज्या नानला मांजरीने तोंड लावलं नाही. शेवटी होसियतने खिळ्यावरची उतरवली. त्याच्या दातांची खूण सांभाळून दुसऱ्या कडेचा तुकडा मोडला, दुधात भिजवला. मी तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं. मांजरीने बराच वेळ हुंगलं, मग खाल्लं.

“एवढाच तुझा,” होसियत म्हणाली. “बाकीची त्यांची.”

नान पुन्हा खिळ्याला लावून ती रोजच्यासारखी झोपण्याआधी फाटकाशी गेली आणि आतली कडी काढून ठेवून आली.