हात लागला की सांगायचं

नागपूरहून नर्सिंगचा कोर्स पुरा करून मी घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी, एका धर्मादाय दवाखान्यात नोकरीला लागले, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमचं गाव घाटावर, धाडच्या अंगाला. तिथून एवढं शिकून बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर होती. मोठ्या डॉक्टरांनी माझी प्रमाणपत्रं चाळली आणि सांगितलं, एक महिना ऑपरेशन थिएटरला बघू. जमलं तर ठीक, नाहीतर वॉर्डात.

वॉर्डात जायची माझी मुळीच तयारी नव्हती. थिएटरची नर्स व्हायचं हे मी कोर्सच्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी न बघता नुसता हात पुढे करावा आणि त्यात हवं ते हत्यार आपण ठेवावं, ह्याची मला भारी हौस. नागपुरात होस्टेलवर मी मैत्रिणीला समोर बसवून चमचे आणि कंगवे देण्याचा सराव करत असे. ती बिचारी परीक्षेला नापास झाली, त्यात माझा थोडा हात असणार.

इथलं थिएटर म्हणजे चुना दिलेली एक खोली, मधोमध टेबल आणि चाकांच्या दांड्यावर बसवलेला एक दिवा. शेजारच्या चिंचोळ्या खोलीत पंपाचे दोन स्टोव्ह होते. एकावर हत्यारं उकळायची पेटी, दुसऱ्यावर कपड्यांचे ड्रम वाफवायचं भांडं. ह्या दोन्ही खोल्यांवर मावशीचं राज्य होतं. कागदोपत्री मावशी आया होती. वय पन्नाशीच्या आसपास, मूळची धामणगाव बढ्याची, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र दांडगा. हत्यारं उकळायची तीच, रबरी हातमोजे धुऊन, फुंकर मारून भोकं शोधायची तीच, आणि त्यांना जुन्या मोज्याची ठिगळं लावायचीही तीच. ऑपरेशनआधी अर्धा तास ती ओलं फडकं घेऊन माश्यांच्या मागे लागायची. एक जरी माशी उरली तरी ती डॉक्टरांना आत घेत नसे. सगळा दवाखाना ज्यांना टरकून असायचा ते डॉक्टर दाराबाहेर मुकाट उभे राहायचे. मला ते बघून पहिल्या दिवशी हसू आलं होतं.

मावशीच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. हे मला कंपाउंडरनं पहिल्याच दिवशी, मी न विचारता, खालच्या आवाजात सांगितलं. मीही ते नीट ऐकून घेतलं. म्हणजे मलाही ते जाणून घ्यायचं होतंच, हे आज कबूल केलेलं बरं.

आमच्या घरी फार कडक सोवळं नव्हतं, पण पाण्याच्या माठाला कोणाचा हात चालतो आणि कोणाचा नाही ह्याचे नियम पक्के होते. महिन्याचे चार दिवस माझाही चालत नव्हता. नागपूरच्या शिक्षिकेनं पहिल्यांदा 'निर्जंतुक' म्हणजे काय ते समजावलं, हे शिवायचं, ते शिवायचं नाही, तेव्हा वर्गातल्या मुली गोंधळल्या आणि मला मात्र ते चटकन कळलं. हे तर आमच्या स्वयंपाकघरासारखंच आहे, असं मला वाटलं. त्या विषयात मला पैकीच्या पैकी मार्क होते. माझी चूक तिथंच सुरू झाली, पण ती कळायला पुढं घाटाखाली यावं लागलं.

पहिल्या दिवशी मावशीनं मला थिएटरचा कायदा सांगितला. इथं एकच कायदा, कोणाचा हात कशाला लागला तर 'लागला' म्हणायचं. कोणी विचारायचं नाही की कसा लागला. मी मान डोलवली. हे मी इंग्रजी पुस्तकातून शिकून आले होते, आयाकडून काय शिकायचं?

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी हात धुऊन, झगा-मोजे घालून ट्रॉलीवर हत्यारं मांडत होते. मावशी वाफवलेल्या कपड्यांचा ड्रम घेऊन आली. रोज यायची तशीच, तेवढीच जवळ. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकडूनच. शिवू नका."

शब्दांत काही वावगं नव्हतं. थिएटरमध्ये असं कोणीही कोणालाही म्हणू शकतं. पण सूर माझा नव्हता. तो सूर आमच्या अंगणातला होता, माठाजवळचा, आणि तो मी लहानपणापासून ऐकत आले होते. मावशी थांबली. तिनं ड्रम हातभर लांब ठेवला, औषधाच्या बरणीत उभा असलेला लांब चिमटा उचलला, आणि बारा वर्षं करत आली होती तसं एकेक कापड काढून माझ्या ट्रॉलीवर अलगद सोडलं. चिमट्याचं टोक काठालाही लागलं नाही. मी मनात म्हटलं, वाईट काय वाटायचं त्यात, नियम तो नियम. पण त्या दिवशी तिनं रोजच्यासारखी मला जेवायला हाक मारली नाही, आणि मी वॉर्डातल्या पायरीवर एकटीच डबा खाल्ला.

त्यानंतर आठवडाभर आमचं बोलणं कामापुरतं झालं. मी तिच्या हातांवर डोळा ठेवून असायची. तिचा पदर कुठं जातोय, ती कुठं उभी आहे, ट्रॉलीपासून किती लांब आहे. स्वतःकडे बघायची मला गरजच वाटत नव्हती.

अशात एका सकाळी संग्रामपूरकडचा एक म्हातारा आला. बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणि तिथून एसटीनं, दोन्ही हातांनी जांघ दाबून धरत. हर्निया अडकला होता. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, लगेच घ्या, आतडं काळं पडायच्या आत. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. म्हातारा पूर्ण जागा होता आणि पडद्यापलीकडून डॉक्टरांना त्यांचं गाव कोणतं, जमीन किती, असं विचारत होता.

कापायला सुरुवात झाली. मी हत्यारं देत होते आणि छान देत होते. डॉक्टरांनी कातरी परत दिली, मी कोपर फाकवून ती घ्यायला वळले, आणि माझ्या उजव्या हाताची पाठ दिव्याच्या दांड्याला लागली. अगदी निसटती. लगेच त्याच हातानं मी कातरी ट्रॉलीवर इतर हत्यारांत ठेवून दिली.

डॉक्टर खाली बघत होते. मदतीचा डॉक्टर खाली बघत होता. म्हाताऱ्याला पडद्यामुळे काही दिसत नव्हतं. मावशी मघाशी शेजारच्या खोलीच्या दारात तिच्या जागेवर होती, आता तिथं दिसत नव्हती. मला वाटलं, कोणीच पाहिलं नाही.

त्या दोन-चार श्वासांत माणूस किती विचार करू शकतो! सांगितलं तर माझा झगा, मोजे बदलायचे, सगळी हत्यारं पुन्हा उकळायची. दुसरा संच आमच्याकडे नव्हता. वीस मिनिटं जातील, इकडं आतडं अडकलेलं, तिकडं सुईचा असर उतरायला लागेल. डॉक्टर मला दुपारच्या आतच वॉर्डात पाठवतील. आणि नाही सांगितलं तर? दांडा सकाळीच पुसलेला होता. नुसता लागला तर होता. म्हाताऱ्याला पू झालाच तर आठ दिवसांनी होणार, आणि पू काय, कशानंही होतो. हा शेवटचा विचार मी केला. मला आजही त्याची लाज वाटते.

डॉक्टरांनी हात पुढे केला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला. स्टोव्हला पंप मारल्याचा. एक, दोन, तीन, आणि मग भर्रकन पेटलेल्या स्टोव्हचा.

ऑपरेशन मध्यावर असताना तो स्टोव्ह कधीच पेटवत नसत. पेटवायचं कारणच नव्हतं.

मी म्हटलं, "लागला. माझा हात दिव्याला लागला, आणि त्याच हातानं मी ट्रॉलीला शिवले."

डॉक्टरांनी मान वर केली. ते ओरडतील म्हणून मी खांदे आवळून उभी राहिले, पण त्यांनी फक्त जखमेवर ओलं कापड ठेवलं, मोजे घातलेले हात दुसऱ्या कापडाखाली जोडून धरले आणि डोळे मिटले. मावशी आत आली, हत्यारं गोळा करून घेऊन गेली. पेटीतलं पाणी खळखळत होतं. ती वीस मिनिटं माझ्या आयुष्यात अजून संपलेली नाहीत. मध्येच म्हाताऱ्यानं विचारलं, "झालं का वो?" तशी मावशी शेजारच्या खोलीतून म्हणाली, "भांडे धुऊन राह्यलो बापा, थांब जराक." त्याला ते पटलं. तो पुन्हा डॉक्टरांना जमिनीबद्दल विचारू लागला.

आतडं अजून लालसर होतं. वाचलं. शेवटचे टाके घालताना म्हाताऱ्याला थोडं कळायला लागलं होतं आणि तो विठ्ठल विठ्ठल करत होता, पण निभावलं. सगळं आवरल्यावर डॉक्टर हात धुता धुता मला म्हणाले, उद्या आठ वाजता दोन ऑपरेशनं आहेत, उशीर करू नका. बस, एवढंच. मी नळाखाली तोंड धरून मनसोक्त रडून घेतलं.

मग मावशीकडे गेले. ती ठिगळं लावत बसली होती. मी विचारलं, तुम्ही पाहिलं होतं ना? हाव, ती म्हणाली. मग सांगितलं का नाही?

"मी सांगतलं असतं. तू पुढचं हत्यार उचललं असतं तं त्याच टायमाले सांगतलं असतं, म्हाताऱ्याच्या जिवाशी खेळ नाही करू देत मी. पन मले पाह्यचं होतं, तुले सांगता येते का नाही."

मी ट्रॉलीजवळच्या त्या बोलण्याची माफी मागायला लागले. फार वाईट मागत होते. मला तसं म्हणायचं नव्हतं वगैरे. तिनं हातातला मोजा फुंकून गालाजवळ धरला, हवा कुठून येते ते बघितलं, आणि मला मध्येच तोडलं.

"तसंच म्हनायचं होतं तुले. आम्ही ऐकत आलो ते, आम्हाले वळखू येते. पन इथं मानूस नाही पाह्यत, पोरी, हात पाह्यते. धुतला तं चांगला, नाही धुतला तं खराब, मंग तो डॉक्टरचा असो का माहा. तोंडातलं तुह्या जाईन हळूहळू. आधी कोपर सांभाळ."

मग तिनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि मुगाची पातळ डाळ होती. तिनं अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि मी ती खाल्ली. ठेचा इतका जाळ होता की पुन्हा डोळ्यांतून पाणी आलं. मावशी मनापासून हसली.

त्यानंतर रोजचं जेवण तिथंच व्हायला लागलं. पण घरी आईला हे मी सांगितलं नाही, दोन वर्षं सांगितलं नाही. दर सुट्टीला ठरवायचं आणि गप्प बसायचं. शेवटी एका दिवाळीला जेवता जेवता बोलून टाकलं, मावशीचं सगळं, भाकरीसकट. आईनं माझं ताट वेगळं काढून राखेनं दोनदा घासलं. मला फार राग आला, आणि तिच्याइतकी प्रेमळ बाई मी पाहिलेली नाही, हेही तितकंच खरं. पण सांगून टाकल्यावर हलकं वाटलं.

मावशीनं मला सात वर्षं हाताशी धरून तयार केलं. मी थिएटरची मुख्य झाले तरी ती दारातल्या तिच्या जागेवरून माझ्या कोपरांकडे बघायचीच. कधी नुसतं खाकरायची. मी चिडायची. मी लग्नानंतर दोन महिन्यांनी कामावर परतले तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांदेखत सांगितलं की नवऱ्याच्या हौसेनं सिष्टरच्या बांगड्या वाढल्या अन् ध्यान कमी झालं.

मग तिलाच बेंबीजवळ हर्निया झाला. जड ड्रम उचलून उचलून झाला असणार, दुसरं काय. तिचा मुलगा तोवर शिकून मास्तर झाला होता. तो तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणत होता, आणि मीही तेच म्हटलं, कारण तिथं सोयी होत्या. मावशी ऐकेना. तिथल्या मशिनी मोठ्या असतील, ती मुलाला म्हणाली, पण हात लागला तर तोंड उघडणारं कोण आहे ते आपल्याला काय मालूम? इथं मला मालूम आहे.

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मला कुठं बघावं ते कळेना.

ऑपरेशनच्या सकाळी नवी आया माश्या मारत होती आणि मावशी टेबलावर पडल्या पडल्या तिला, त्या कोपऱ्यात एक हाये, असं सांगत होती. पाठीत सुई दिली. मी हात धुऊन, झगा घालून ट्रॉलीशी उभी राहिले. मांडलेली हत्यारं मी तिसऱ्यांदा मोजली. पहिल्या महिन्यातही कधी असं केलं नव्हतं.

मावशीनं मान वळवली. माझ्याकडे बघितलं, मग ट्रॉलीकडे, मग दिव्याच्या दांड्याकडे. मला वाटलं, आता कोपराबद्दल काहीतरी बोलणार.

"मी नाही पाह्यत आता," ती म्हणाली. "तू हायेस."

आणि तिनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी हात पुढे केला.