गोखलेवहिनींचा दुसरा डबा

जगात एकच नमुना असलेला भुंगेरा मी खोबऱ्याच्या वड्या म्हणून शेजारी देऊन आलो, याबद्दल आमच्या सोसायटीत आता कोणी काही बोलत नाही. (फक्त मी जिन्यात दिसलो की बोलतात.)

मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. 'निरीक्षण' हा एक शब्द मुलांच्या डोक्यात कोंबण्यात माझी हयात गेली, आणि तो एकाच्याही डोक्यात शिरला नाही. लोकांना डोळे फक्त चष्म्याचा नंबर काढायला दिलेले असतात, असं माझं ठाम मत होतं. आमची अख्खी सदाशिव पेठ याला अपवाद नव्हती.

निवृत्तीनंतर मी तीन पावसाळे सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात जमिनीत प्लास्टिकचे पेले पुरत हिंडलो. जळवांनी माझं रक्त प्यायलं, तेव्हा कुठे एका पेल्यात तो पडला. काळाकुळकुळीत, पेरभर लांबीचा, पालापाचोळ्यात पळणारा भुंगेरा. पुस्तकं पालथी घातली, संग्रहालयं धुंडाळली. अगदी नवी जात! पण नव्या जातीचं वर्णन छापायचं तर तिचा मूळ नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो, आणि माझ्याकडे होता एकच. तो हरवला की जात संपली, आणि आयुष्यात एक तरी जात शोधण्याची माझी हौसही.

"अहो, असले आपल्या बाथरूममध्ये येतात की!" ही आमच्या सुनंदाची शास्त्रीय प्रतिक्रिया. अडाण्यांशी वाद घालू नये म्हणून मी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

जंगलात घाईघाईने टाचणीवर टोचताना त्याचे पाय पोटाखाली दुमडले गेले होते. फोटोसाठी ते पसरायला हवेत, आणि वाळलेला किडा तसाच ओढला तर पाय हातात येतात. म्हणून त्याला आधी ओलसर कापसावर, बंद डब्यात, एक दिवस मऊ करत ठेवायचं असतं. मी टाचणी काढली, स्वयंपाकघरातला एक स्टीलचा डबा घेतला, त्यात त्याला निजवलं आणि डबा ओट्यावर ठेवला.

तेवढ्यात सुनंदा विश्रांतवाडीला बहिणीकडे निघाली. दारातून म्हणाली, "गोखलेवहिनींचे दोन डबे राहिलेत आपल्याकडे. एकात वड्या भरून ठेवल्यात ओट्यावर. तेवढा देऊन या. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. आणि उघडून बघा, नाहीतर भलताच द्याल!"

मला! निरीक्षण शिकवणाऱ्याला! मी डबा उलटा करून पाहिला. बुडाला नेलपॉलिशने 'गोखले' लिहिलेलं होतं. झालं की! (दुसऱ्या डब्याच्या बुडालाही तेच असणार, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं.) समोरचं दार वाजवलं, डबा दिला आणि शेजारधर्म पाळल्याच्या समाधानात परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटा, भिंग आणि ब्रश घेऊन डबा उघडला. आत सहा वड्या. वर चारोळ्या.

मी तसाच अनवाणी गोखल्यांच्या दारात.

"वहिनी! डबा!"

"मिळाला," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "ओला कापूस आणि वर झुरळ. म्हटलं, प्रोफेसरांकडची पद्धत असेल."

"झुरळ नाही हो, भुंगेरा! नवी जात आहे ती! कुठाय?"

"कापूस ओल्या कचऱ्यात गेला, पण—"

'पण'च्या पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. ओला कचरा म्हणजे मागची खताची टाकी! धोतर खोचावं तसा लेंगा खोचला आणि सुनंदाची पिठाची चाळणी घेऊन टाकीत उतरलो. भेंडीची देठं, चहाचा चोथा, कोणाची तरी परवाची आमटी, सगळं मी चाळलं. वर गॅलऱ्या भरल्या.

"अहो, टाकीत उतरायला कमिटीची परवानगी लागते," सेक्रेटरी देशपांडे वरून ओरडले.

"तुम्हाला कळणार नाही!" मी खालून ओरडलो. "हे विज्ञान आहे!"

"वास कळतोय," देशपांडे म्हणाले.

तासाभराने, केळ्याच्या सालीखाली, तो सापडला! काळाकुळकुळीत, पेरभर, पाय पोटाशी घेतलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला तळहातावर घेतलं आणि गॅलऱ्यांना उद्देशून व्याख्यान दिलं. "नीट बघा! पाठीवरच्या या रेषा बघा, मानेचा हा आकार बघा! जगाच्या पाठीवर याच्यासारखा दुसरा नाही! पण त्यासाठी नजर लागते!"

एवढ्यात गोखलेवहिनी हातात काडेपेटी घेऊन खाली आल्या.

"हा घ्या तुमचा. कापूस टाकला, हा ठेवला होता. मघाशी तेच सांगत होते, तर तुम्ही पळालात."

"अहो वहिनी, माझा हा काय माझ्या हातात आहे!"

"तो आपल्या टाकीतला. रोज दिसतात. तुमच्याच्या पाठीवर उजवीकडे टाचणीचं भोक आहे. त्याच्या आहे का?"

मी चष्मा पुसून पाहिलं. भोक नव्हतं. आणि मी पाहत असतानाच, जगाच्या पाठीवर दुसरा नसलेल्या त्या नमुन्याने पाय बाहेर काढले आणि तो माझ्या बाहीत पळाला.

गॅलऱ्यांमध्ये जे हसू उसळलं ते थांबेपर्यंत मी टाकीतच उभा राहिलो. लाज वाटली, खोटं कशाला सांगू? पण काडेपेटीतला माझा भुंगेरा सहाही पायांनिशी शाबूत होता, म्हणून त्याच बरबटलेल्या हातांनी वहिनींना नमस्कार केला.

"या जातीला तुमचं नाव देतो," मी म्हणालो.

"किड्याला माझं नाव? काही नको. दुसरा डबा तेवढा परत करा. वड्यांसकट."

शोधनिबंध गेल्या महिन्यात छापून आला. 'ही जात नुसत्या डोळ्यांनीही सहज ओळखता येते' हे माझं आधीच लिहिलेलं वाक्य मी खोडायला निघालो होतो. सुनंदाने हात धरला. "राहू द्या, खरंच आहे ते. फक्त डोळे कोणाचे, तेही लिहा." म्हणून शेवटी आभारांची एक ओळ वाढवली आहे: नमुना ओळखून दिल्याबद्दल, श्रीमती गोखले यांचे.