त्रिवेणीबाईंचे उपवास

वजनकाट्यावर चढण्याआधी त्रिवेणीबाईंनी चपला काढल्या, मग मनगटावरचं घड्याळ काढलं, पर्स खुर्चीवर ठेवली, आणि तरीही काट्यानं एकशे दोन दाखवलं. चार वर्षांपूर्वी याच इस्पितळात त्यांनी ऑपरेशन करून पोट वाटीएवढं करून घेतलं, तेव्हा त्या एकशे अठरा किलोच्या होत्या. दीड वर्षात चौऱ्याहत्तरवर आल्या. आणि आता दोन हजार सातच्या जुलैत पुन्हा एकशे दोन. ये रे माझ्या मागल्या! काट्यावरून उतरताना त्यांना स्वतःच्या पावलांचीसुद्धा शिसारी आली. सुजलेली, चपलांच्या पट्ट्यांचे वळ उठलेली ती पावलं बघवत नव्हती म्हणून त्यांनी साडी खाली ओढली.

नुसतं दिसण्याचं असतं तर बाईंनी ते कधीच पचवलं असतं. पण ऑपरेशनआधी अकरा वर्षं त्यांनी रोज दोन वेळा पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतली होती. कातडी दगडासारखी झाली होती, सुई आत जाता जात नसे. ऑपरेशन झालं आणि महिन्याभरात ती सुई सुटली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या सिरिंजा स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकल्या होत्या. दोन आठवड्यांपूर्वी मात्र डॉक्टरांनी रक्ताचा कागद पुढे सरकवला आणि सांगितलं, "तीन महिने देतो. वजन आणि शुगर खाली आली नाही तर इन्सुलिन परत सुरू." शिवाय एक वही दिली. पंधरा दिवस तोंडात जे जाईल ते लिहून आणा म्हणाले.

बाई मूळच्या उदगीरकडच्या, शेतीवाल्या घरातल्या. लग्न होऊन या तेलुगू-उर्दू बोलणाऱ्या शहरात, चिक्कडपल्लीत आल्या आणि तारनाक्याला विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चिकटल्या. सत्तावीस वर्षं तीच खुर्ची. फक्त खुर्चीची रुंदी बदलत गेली. बसच्या खिडकीतून त्यांनी शहर बदलताना पाहिलं. आधी कोपऱ्याकोपऱ्यावर केकची, पिझ्झ्याची चकचकीत दुकानं आली. मग त्याच दुकानांच्या डोक्यावर जिम आल्या. मग रस्त्यारस्त्यावर बारीक करून देणाऱ्या इस्पितळांच्या पाट्या लागल्या. आधी खाऊ घालायचं आणि मग कापायचं, असा हा नव्या जमान्याचा धंदा. बाईंना त्याचा मनस्वी तिटकारा होता. पण हायटेक सिटीत नोकरीला लागलेल्या समीरनं, त्यांच्या मुलानं, हट्ट धरला आणि त्या टेबलावर आडव्या झाल्या.

बारीक झाल्यावर ऑफिसात कौतुकाला ऊत आला होता. आता तेच लोक नजर चुकवत. गेटवरचा वॉचमन तेवढा तोंडावर बोलायचा, "क्या जी मेडम, फिरसे वैसेच हो गए?" खरं सांगायचं तर त्याचाच काय तो राग येत नसे. बाकीच्यांच्या गोड गप्प बसण्याचा मात्र बाईंना उबग यायचा.

आहार सांगणाऱ्या मुलीची खोली कोपऱ्यात होती. पूर्वीची तेलुगू बाई नोकरी सोडून गेली होती. तिच्या जागी पंचविशीची रश्मी बसली होती. आडनाव विचारलं तर निघाली कुलकर्णी, जामबागची. बाईंना जरा बरं वाटलं. त्यांनी वही पुढे केली. रश्मीनं दोन पानं उलटली आणि ओशाळून हसली.

"आंटी, गुस्सा नका करू हं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण स्कूल इंग्लिश मीडियम ना, वाचायला लई टाइम लागतो मला. तुम्हीच वाचून दाखवा ना."

मराठी बाईच्या पोरीला मराठी वाचता येऊ नये! बाईंनी मनातल्या मनात नाक मुरडलं आणि वाचायला लागल्या. मंगळवार. सकाळी एक इडली. दुपारी अर्धी पोळी, दोन चमचे भाजी. रात्री ताकभात, तोही अर्धाच. बुधवार. सकाळी अर्धी वाटी उपमा. रश्मी लिहून घेत होती आणि तिच्या कपाळावर आठी चढत होती.

"एवढंसं खाऊन वजन कसं वाढेल? पुढे, आंटी. गुरुवार?"

"गुरुवारी उपास."

"हं. शुक्रवार?"

बाईंनी शुक्रवार वाचला. शनिवार उपास. रविवार वाचला. सोमवार उपास. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्यात एक संकष्टी आणि एक एकादशी. स्वतःच्या तोंडानं वाचताना बाईंना पहिल्यांदाच जाणवलं, की पंधरातले आठ दिवस कोरे आहेत. वहीत बघताना ते कधी डोळ्यांत भरले नव्हते. आवाज मात्र दर खेपेला त्या शब्दापाशी अडखळायला लागला.

रश्मीनं पेन खाली ठेवलं. "खिचडी कोण करतं घरी?"

"सासूबाई."

"दाण्याचं कूट भरपूर?"

बाईंनी वही मिटली.

"माझ्या आजीचं पण असंच आहे, आंटी. उपास म्हणजे पार्टीच तिची. मग चार वाजता काय? बटाट्याचा कीस? रताळी? लाडू?"

पूर्वीच्या तेलुगू बाईनं उपवास म्हटल्यावर मान डोलावली होती. तिच्या घरी उपवास म्हणजे संध्याकाळपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. ही पोर मात्र आतली निघाली. घरचा भेदी लंकादहन म्हणतात ते खोटं नाही. बाईंना आधी संताप आला, मग कानाच्या पाळ्या तापल्या.

"पण ते खाणं नव्हे गं. देवाधर्माचं असतं ते. म्हणून लिहिलं नाही."

"पोटाला काय माहीत, आंटी?" रश्मी शांतपणे म्हणाली. "तुमचं पोट छोटं आहे, एकदम जास्त मावत नाही. पण थोडं थोडं दिवसभर जात राहिलं तर सगळं जातं. साबुदाणा तर सरळ शुगर. उपास बंद. सगळे. आधी उसळ, वरण, पनीर. जागा उरली तर बाकीचं."

"आणि देव?"

"देवाला इन्सुलिन घ्यायचं नाहीये, आंटी. तुम्हाला आहे."

बसमध्ये जागा मिळाली, पण शेजारचा माणूस अंग चोरून उठूनच गेला. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. एकादशी आणि दुप्पट खाशी, असं त्या स्वतःच लोकांना हसत म्हणायच्या. आता आठवायचं तर सगळं नीट आठवत होतं. ऑपरेशननंतर पोळी घशाखाली अडकायची. तोंडाला फेसाळ लाळ सुटायची, मोरीत जाऊन ओकावं लागायचं. सव्वा वर्ष असं गेलं. मग एका एकादशीला तुपात परतलेली खिचडी तोंडात घातली आणि ती निसटत, गुळगुळीत, बिनबोभाट खाली गेली. त्या संध्याकाळी किती दिवसांनी पोट भरल्यासारखं वाटलं! पुढच्या सोमवारपासून बाईंनी सोमवार धरला. समीरच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. व्हिसा मिळाला, पोरगा गेला, सोमवार राहिला. त्याला गुरुवार येऊन चिकटला, मग शनिवार. किती कडक व्रतं करतात बाई, असं शेजारणी म्हणायच्या आणि या मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. मान खाली घालायच्या! ते आठवून बाईंना इतकी किळस आली की त्यांनी पदर तोंडावर धरला. पोट कापून घेतलं तरी जिभेची चटक सुटली नाही ती नाहीच, आणि वर देवाला मध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. बाईंनी पहाटेच मटकी कुकरला लावली, चांगली मऊ शिजवली, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि वाटी घेऊन टेबलाशी बसल्या. तोवर सासूबाई खिचडीचं पातेलं घेऊन आल्या. ऐंशीच्या घरातली, काडीसारखी बाई. त्यांनी वाटीकडे पाहिलं.

"अगं, आज गुरुवार."

"माहीत आहे, आई."

"मग हे काय?"

बाईंच्या नवऱ्यानं, मुकुंदरावांनी, पेपर उंच धरला. अशा वेळी त्यांचा पेपर नेहमीच उंच जाई. आयुष्यात त्यांनी कुणाची बाजू घेतली नव्हती.

बाईंनी ठरवलेलं एका दमात सांगून टाकलं. "आई, मी देवासाठी उपास केलेच नाहीत. खिचडीसाठी केले. सोमवार खिचडीसाठी, गुरुवार खिचडीसाठी. देवाच्या नावावर तीन-तीन वेळा गिळलं आणि अठ्ठावीस किलो वाढवले. मला माझीच घाण वाटते. आजपासून उपास नाहीत."

त्यांना वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. या घरात एकादशीला कुणी भाताचं शीत तोंडात घातलं नव्हतं. सासूबाई पातेलं तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"मी उपासाला काय खाते, पाहिलंस कधी? अर्धा कप दूध आणि एक केळं. आजचं नाही, चाळीस वर्षं. मुकुंदाला खिचडी आवडत नाही. मग हे पातेलं दर उपासाला कुणासाठी चढायचं?" त्या खुर्चीवर बसल्या. "तू मोरीत ओकायचीस तेव्हा मी पाठीवर हात फिरवायची. नुसतं पाणी पडायचं गं. खिचडी तेवढी आत राहायची. मला वाटलं, राहू दे काहीतरी पोरीच्या पोटात. सोमवार तू धरलास. शनिवार मी सुचवला, आठवतं?"

आठवलं. शनिवार त्यांनीच सुचवला होता; मारुतीचा आहे, चांगला असतो म्हणाल्या होत्या. रात्रभर साठवलेला सगळा तिटकारा आता ठेवायचा कुठे? त्यांनी उसळीचे तीन चमचे घाईघाईनं तोंडात कोंबले आणि तिसरा छातीत अडकला. तीच जुनी कळ. डोळ्यांत पाणी, तोंडात फेस. त्या टेबलाची कड धरून बसल्या.

सासूबाईंचा हात पातेल्याकडे गेला. त्यांनी झाकण काढलं, तुपाचा आणि दाण्याचा वास उठला, आणि चमचाभर खिचडी त्यांनी बाईंच्या तोंडाशी आणली. "घे. एवढीच. हिच्याबरोबर उतरेल."

"ठेवा ते खाली!" बाई ओरडल्या. एकोणतीस वर्षांत सासूवर त्या पहिल्यांदा ओरडल्या. मुकुंदरावांचा पेपर खाली आला.

म्हातारीनं चमचा पातेल्यात ठेवला. झाकण लावलं. मोरीकडे बोट केलं. बाईंनी मानेनंच नाही म्हटलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी छातीतला दगड हळूच सरकला आणि बाईंनी श्वास सोडला.

"उतरला का?" सासूबाईंनी विचारलं.

"उतरला."

"मग चौथा खा. चावून खा. मी बसते इथे."